पोस्टह्युमॅनिझम, दर मंगळवारी सहा ते आठ

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा खोलीतल्या थंडीत गेला. एक अख्खा कशात गेला ते पुढे सांगते.

आधी माल कोणता ते. टोरांटोतल्या एका विद्यापीठात बाहेरच्या लोकांसाठी संध्याकाळचे कोर्स असतात. परीक्षा नाही, पदवी नाही, शेवटी ईमेलने एक सर्टिफिकेट येतं. त्यातला हा एक: समकालीन उत्तर अमेरिकी कादंबरी आणि पोस्टह्युमॅनिझम. दहा मंगळवार, सहा ते आठ. फी ३४० डॉलर, वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. विद्यापीठाचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, आणि शिकवणाऱ्या बाई करारावर आहेत. माझ्या अर्ध्या ताऱ्यापायी त्यांचं पुढचं सत्र अडायला नको.

मी कोण? ३२ वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर. पहिली नऊ मुंबईत म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात, पुढची तेवीस इकडे टोरांटोशेजारच्या मिसिसागाच्या बाजूला. साहित्याशी संबंध म्हणाल तर महाडचं वाचनालय आणि दिवाळी अंक. कोर्सला नाव भाचीने घातलं. "मावशी, तू जन्मभर माणसांना मशीन जोडलीस. हे लोक त्यावर पुस्तकं लिहितात. जाऊन बघ तरी." फीही तिनेच भरली, त्यामुळे पैसे वसूल झाले का हे खरं तर तिला विचारायला हवं.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एकांनी विचारलं, हल्ली काय चाललंय. मराठीत सांगायला गेले आणि अडले. उत्तर-आधुनिकतावादाच्या चालीवर 'उत्तर-मानवतावाद' म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हणजे माणुसकी संपली, आता पुढे काय, असं?" त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे मानवता म्हटलं की दया-माया डोळ्यांपुढे येते. इंग्रजी ह्युमॅनिझममध्ये बसलेला माणूस निराळा आहे. तो विचार करतो, स्वतःचा मालक असतो, जनावराच्या आणि यंत्राच्या वरच्या पायरीवर उभा असतो. त्याला त्या पायरीवरून खाली उतरवायचं, एवढा या विचाराचा गाभा. तुझ्या आतड्यात जंतू आहेत, खिशात फोन आहे, ताटात डुक्कर आहे, आणि या सगळ्यांना वगळून 'तू' असा वेगळा काढता येत नाहीस. मी 'मानवोत्तर' म्हणते. नीट बसत नाही, पण चहाच्या रांगेत सांगायला पुरतं.

पहिले दोन मंगळवार इतिहासात गेले. इहाब हसन हे कैरोत जन्मलेले, विस्कॉन्सिनला शिकवणारे समीक्षक. त्यांनी १९७७ साली एका लेखात हा शब्द साहित्याच्या लोकांपुढे ठेवला. लेख नाटकासारखा लिहिलाय आणि पात्रं कोण, तर 'मजकूर', 'संदर्भ' अशी. बाईंनी पात्रं वाटून तो वर्गात वाचून घेतला. मला 'संदर्भ' मिळाला. गणपतीतल्या नाटकानंतर हे माझं पहिलंच काम, आणि तेव्हाही मला दोनच वाक्यं होती.

मग कॅथरीन हेल्स. या बाई मुळात रसायनशास्त्राच्या, १९६९ साली कॅलटेकमधून एमएस, इंग्रजीतली पीएचडी नंतरची. त्यांचं १९९९ सालचं पुस्तक म्हणजे या विषयाची बाराखडी समजतात. १९४६ ते १९५३ या काळात अमेरिकेत मेसी परिषदा भरल्या. गणिती, इंजिनिअर, मेंदूचे अभ्यासक एकत्र बसले, आणि हळूहळू असा समज रुजत गेला की माहिती ही देहावाचूनही राहू शकते. हेल्स विचारतात: मग देह गेला कुठे?

हा प्रश्न मला थेट कळला. मशीनच्या स्क्रीनवर सगळे आकडे ठीक असतात आणि पेशंट जांभया द्यायला लागतो. नवी मुलगी म्हणते, झोप आलीय. जुनी सिस्टर आधी खुर्ची आडवी करून त्याचे पाय वर घेते आणि मग बीपी बघते, कारण ती जांभई बहुधा बीपी पडत असल्याची असते. मशीनने ओरडायच्या आधी देह बोललेला असतो. हे मी वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, "फारच छान. याला आपण थिअरीच्या भाषेत 'एम्बॉडिमेंट' म्हणू." म्हणजे देहात असणं. आणि पुढची स्लाइड आली.

माझा एक तारा इथे गेला. दर मंगळवारी हेच. कुणी स्वतःचं काही सांगितलं की त्याच्यावर शब्दाचं लेबल चिकटवायचं आणि फडताळात ठेवायचं. आमच्या वर्गात एक निवृत्त पोस्टमन होता, त्याच्या हृदयात पेसमेकर. त्याला त्या वस्तूबद्दल बोलायचं होतं, विमानतळावरच्या तपासणीबद्दल, रात्री कुशीवर वळल्यावर ती कशी बोटाला लागते त्याबद्दल. त्याचं झालं 'हायब्रिड सब्जेक्ट', म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र असा मिश्र जीव. तो चौथ्या आठवड्यानंतर आला नाही. कारण दुसरंही असेल. पण मला वाईट वाटलं. शिवाय वेळेची वाटणी उलटी: पाऊण वेळ थिअरी, आणि कादंबरी उघडेपर्यंत लोक घड्याळाकडे बघायला लागलेले. कादंबरीत जे आहे ते थिअरीच्या कितीतरी पुढे आहे, हे बाईंनाही ठाऊक असावं. कादंबरीचं पान मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज बदलायचा.

विल्यम गिब्सनचा आठवडा मी पटकन उरकते. अमेरिकेतून व्हँकुव्हरला येऊन राहिलेला लेखक, १९८४ सालची 'न्यूरोमॅन्सर', संगणकाच्या जाळ्यात शिरणाऱ्या चोराची गोष्ट, आणि ती लिहिली हाताने बडवायच्या टाइपरायटरवर. ही माहिती मजेची. पण त्यातला नायक देहाला 'मांस' म्हणतो आणि जाळ्यातून बाहेर पडावं लागणं ही त्याला शिक्षा वाटते. आमच्या वर्गातला एक तरुण इंजिनिअर यावर खूश. आपलं मन एक दिवस अपलोड करता येईल, देहाची कटकट संपेल, असं त्याचं मत. बाईंनी त्याला नीट सांगितलं की हा ट्रान्सह्युमॅनिझम: माणसाला आणखी वर चढवायचं, मरण टाळायचं. पोस्टह्युमॅनिझमची वाट बरोबर उलटी, खाली उतरण्याची. हा फरक मी या कोर्समध्ये शिकले आणि तो पक्का बसला. याचे गुण द्यायलाच हवेत.

चौथा आठवडा सायबॉर्गचा, म्हणजे देह आणि यंत्र जोडून झालेल्या जीवाचा. डॉना हॅरावे या अमेरिकी विचारवंत बाईंचा त्यावरचा १९८५ सालचा जाहीरनामा वाचायला होता. मला अर्धा कळला. पण त्या निमित्ताने बाईंनी सांगितलं की 'सायबॉर्ग' हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळवीरांचा विचार करताना घडवला, आणि त्यांचं पहिलं उदाहरण होतं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधला एक पांढरा उंदीर. त्याच्या कातडीखाली ऑस्मोसिसवर चालणारा पंप बसवला होता. ऑस्मोसिस, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी झिरपणं! मी खुर्चीत ताठ झाले. आमच्या धंद्यातला शब्द.

आणि तेव्हाच लक्षात आलं, वर्गात एक मोठी गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. त्याच १९६० साली मार्चमध्ये सिएटलला डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक नळी पेशंटच्या हातात कायमची बसवली. एक टोक रोहिणीत, एक नीलेत. त्याआधी विलेम कॉल्फ यांनी १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडात कृत्रिम मूत्रपिंड चालवलं होतं, सॉसेजला लावतात तसलं सेलोफेन गुंडाळून. पण दर वेळी नवी शीर कापावी लागायची, आणि शिरा संपल्या की माणूस संपला. स्क्रिब्नरच्या नळीने माणूस आणि मशीन यांची गाठ कायमची पडली, आठवड्यातून परत परत, वर्षानुवर्षं. अंतराळात जाणारा सायबॉर्ग कागदावर होता. हा खुर्चीत बसून पेपर वाचत होता. वाचनाच्या यादीत उंदीर आहे आणि हा माणूस नाही, म्हणजे काय?

पाचव्या आठवड्याला प्रत्येकाने एक वस्तू आणायची होती. मी डायलायझर, म्हणजे डायलिसिसच्या मशीनची रक्ताची गाळणी, नेला, मुदत संपलेला, कधीच न वापरलेला, नव्या मुलींना शिकवायला माझ्याकडे ठेवलेला. प्लॅस्टिकची नळकांडी, हातभरही नाही, आत केसासारख्या दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतूंची जुडी. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून डायलिसेट म्हणजे रक्तातली घाण ओढून घेणारं पाणी, दोघं उलट दिशांनी. मी तो वर्गात फिरवला. एका मुलीने दिव्यापुढे धरला आणि म्हणाली, रेशमासारखं दिसतंय. मग मी त्यांना फिस्टुला सांगितला: हातातली रोहिणी आणि नीला शिवून एक केलेली, वर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. आम्ही तिला थ्रिलच म्हणतो. पेशंट रोज सकाळी उठून ती बघतो. लागली की हायसं. त्या दिवशी बाईंनी लेबल लावलं नाही. त्यांनी विचारलं, "थरथर थांबली तर?" पूर्ण अर्धा तास मी बोलले. माझ्या मते कोर्समधला सगळ्यात चांगला मंगळवार. (आता मीच बोलत होते म्हणून असं वाटणं शक्य आहे.)

मार्गारेट अ‍ॅटवुडची 'ऑरिक्स अँड क्रेक' २००३ सालची. त्यात माणसाचे अवयव वाढवायला डुकरं पाळतात, नाव 'पिगून', आणि एका पिगूनच्या अंगात एका वेळी पाच-सहा किडन्या वाढतात. वर्गाला हा पुढचा काळ वाटत होता. मी हात वर केला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या एका माणसाला डुकराची किडनी बसवली, जनुकांमध्ये ६९ बदल केलेल्या डुकराची. तो जवळजवळ दोन महिने जगला. मरण किडनीमुळे आल्याचं दिसत नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. माझ्या जुन्या युनिटमध्ये त्या बातमीनंतर खुर्च्याखुर्च्यांतून एकच चर्चा होती म्हणे, आणि ती नीतिमत्तेची नव्हती. यादीत नाव कुठे लागतं, एवढीच. अ‍ॅटवुडबाईंना हे बरोबर कळलंय, त्यांच्या पुस्तकात विज्ञानापेक्षा दुकान मोठं आहे. आणखी एक. त्यातली प्रयोगशाळेत घडवलेली माणसं जखमेजवळ बसून मांजरासारखी गुरगुरतात आणि जखम भरते. फिस्टुलावर बोट ठेवलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, विचार करा.

लॅरिसा लाई हे नाव मी आधी ऐकलं नव्हतं. 'द टायगर फ्लू', २०१८. क्लोन केलेल्या बायकांची वस्ती, आणि त्यात एक बाई अशी जिचे अवयव काढले तरी परत उगवतात. तिला 'स्टारफिश' म्हणतात. बाकीच्यांना जे लागेल ते तिच्याकडून घ्यायचं. भाषा अवघड, चाळीस पानं मी नुसती ढकलली. पण ती बाई मला ओळखीची होती. मुंबईत किडनी द्यायला समोर बसायची ती बायको नाहीतर आई. नवऱ्याला द्यायला बायको तयार, बायकोला द्यायला मात्र 'बघू, यादीत नाव घालू'. मी पाहिलेल्या स्टारफिश सगळ्या नऊवारीत किंवा सलवार-कमीजमध्ये होत्या आणि त्यांचं काही परत उगवत नव्हतं.

झाडांच्या कादंबरीचा आठवडा आला आणि गेला. मी झोपले होते.

सहलीचे मात्र पूर्ण गुण. कॉलेज स्ट्रीटवर २३९ नंबरला टोरांटो पब्लिक लायब्ररीची लिलियन स्मिथ शाखा आहे. दाराशी काशाचे दोन पंखवाले पशू, एक सिंह, एक ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा सिंह). तिसऱ्या मजल्यावर मेरिल कलेक्शन: विज्ञानकथा आणि कल्पनाकथांचा संग्रह. ज्युडिथ मेरिल या लेखिका व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिका सोडून इथे आल्या आणि १९७० साली आपली सुमारे पाच हजार पुस्तकं-मासिकं लायब्ररीला देऊन टाकली. तेव्हा या संग्रहाचं नाव होतं 'स्पेस्ड आउट लायब्ररी'. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायची, फुकट. कोर्स नाही केलात तरी इथे जा. ३४० डॉलर वाचतील.

तिथल्या टेबलाशी बसून आम्ही आंद्रे अलेक्सिसची 'फिफ्टीन डॉग्स' चर्चेला घेतली. २०१५ सालचं गिलर, हे कॅनडातलं मोठं साहित्य पारितोषिक, हिला. टोरांटोच्या एका बारमध्ये अपोलो आणि हर्मिस हे ग्रीक देव पैज लावतात: जनावरांना माणसाची बुद्धी दिली तर ती सुखी होतील का? आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पंधरा कुत्र्यांना रातोरात भाषा येते. त्यातला एक कविता करतो आणि बाकीच्यांना त्याचा राग येतो. मी पैठणच्या रेड्याची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरांनी हात ठेवला आणि रेडा वेद बोलला. एकाने विचारलं, "मग पुढे त्या रेड्याचं काय झालं? तो सुखी होता?" मी गप्प. साठी ओलांडली, शंभरदा ही गोष्ट ऐकली-सांगितली, आणि वेद म्हटल्यावर रेडा काय करत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. आळ्याला त्याची समाधी दाखवतात तेवढं सांगितलं. पण विचारलं होतं ते सुखाचं.

नववा आठवडा ऑक्टेव्हिया बटलर यांचा. १९८७ सालची 'डॉन'. माणसांनी पृथ्वी नासवल्यावर परग्रहावरचे जीव उरलेल्यांना उचलून नेतात, लिलिथ नावाच्या काळ्या बाईच्या अंगातली कॅन्सरची गाठ तिला न विचारता काढतात, आणि उपकाराच्या बदल्यात जनुकं मागतात. सोबत झकिया इमान जॅक्सन या अमेरिकी अभ्यासक बाईंच्या २०२० सालच्या पुस्तकातलं एक प्रकरण. त्यांचं म्हणणं मी समजले ते असं: काळ्यांना माणसांच्या बाहेर ठेवलं हे सांगणं पुरेसं नाही. त्यांना आत घेऊनच जनावराच्या शेजारी बसवलं, हवं तसं वाकवलं. तेव्हा 'माणूस-जनावर भेद मिटवू या' असं कुणी उत्साहाने म्हणालं की ज्यांच्या बाबतीत तो कधी पाळलाच नव्हता त्यांना काय वाटेल?

इंजिनिअर म्हणाला, हे जरा क्लिष्ट आहे. मी म्हटलं, अजिबात नाही, माझ्या महाडच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. आणि चवदार तळं सांगितलं. महाडचं तळं. गुरं पाणी प्यायची, कुत्री प्यायची, दलितांनी ओंजळ बुडवायची नाही. नगरपालिकेचा ठराव होऊनही नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावातल्यांनी तळं शुद्ध करून घेतलं, आणि ते कशाने, तर गायीच्या शेणा-मुताने, दही-दुधाने, १०८ घागरी ओतून. माणसाच्या स्पर्शाने बाटलेलं पाणी जनावराच्या शेणाने चोख. आमचं घर पाणी भरता येणाऱ्यांपैकी, हेही सांगितलं. ते न सांगता पुढचं बोलणं बरोबर नव्हतं.

मग बोलता बोलता सिएटलवर आले. १९६२ साली तिथे डायलिसिसचं केंद्र निघालं, मशीनं मोजकी, पेशंट ढीगभर. कुणाला जगवायचं हे ठरवायला सात सामान्य नागरिकांची समिती: धर्मगुरू, वकील, बँकवाला, गृहिणी, कामगार पुढारी वगैरे. वय, लग्न, मुलंबाळं, मिळकत, चर्चला जाणं, सगळं विचारात घ्यायचे. 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला आणि पुढे लोक त्या समितीला देवांची समिती म्हणू लागले. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत सरकार डायलिसिसचा खर्च उचलू लागलं तेव्हा ते थांबलं. सायबॉर्ग व्हायची परवानगीसुद्धा चर्चला जाणाऱ्याला आधी. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं, स्लाइडवर नव्हतं म्हणून.

आता किरकोळ. खोलीत सप्टेंबरपासून एसी आणि नोव्हेंबरातही तोच. तीन ईमेल केले, तिन्हींना आपोआप येणारं उत्तर आलं. (पोस्टह्युमॅनिझमच्या कोर्सला हे शोभतं असं पोस्टमन म्हणाला असता.) वाचायचं साहित्य ज्या पोर्टलवर, त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो. आठवड्याला कादंबरी सोडून साठ-सत्तर पानं थिअरी. नोकरी करणाऱ्याला जमणार नाही, आणि जमत नव्हतं हे चेहऱ्यांवर दिसायचं. पुस्तकं सेकंडहँड घ्या. मिसिसागाहून येणाऱ्यांनी पोर्ट क्रेडिट स्टेशनहून गो ट्रेन (इकडची लोकल) धरावी, गाडीने येऊ नये, पार्किंगमध्ये फीएवढे पैसे जातात. शाल आणा.

घ्यावा का? साहित्यात एमए करताय तर हा घेऊ नका, खरा घ्या. माझ्यासारखे हाताने काम केलेले असाल तर जरूर घ्या आणि पहिल्या दिवसापासून मधे बोला. भाचीने परवा विचारलं, पैसे वसूल? मी म्हटलं, रेड्याचं अजून कळलं नाहीये.

शेवटच्या मंगळवारी मी चिवडा नेला होता, शेंगदाणे काढून, कारण तिथे कुणाला काय चालत नाही ते आधी कळवावं लागतं. डायलायझर बाईंना देऊन टाकला. पुढच्या सत्रात पहिल्याच दिवशी तो वर्गात फिरवणार, म्हणाल्या. वापरलेला कधीही हातात घ्यायचा नाही, एवढं मी त्यांना दोनदा बजावून आले.